कन्फ्यूशियसची गादी आधीच रिकामी झाली होती

प्रश्न थोडक्यात असा आहे: व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत, एका बागेत लेनिनचा पुतळा उभा आहे, रस्तोरस्ती लाल झेंडे आहेत, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी विचारवंताच्या मंदिरात परीक्षेआधी विद्यार्थ्यांची रीघ लागते. घरात, दुकानात पूर्वजांची वेदी असते, पक्षाच्या सभासदाच्या घरीसुद्धा. मग इतक्या वर्षांच्या कम्युनिस्ट राजवटीने कन्फ्यूशियसला संपवलं नाही, की तिला ते जमलंच नाही?

आग्नेय आशियाचा इतिहास शिकवताना हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी समोर येतो. त्यात एक गृहीतक दडलेलं असतं, की या दोन विचारांची समोरासमोर लढाई झाली असणार. चीनमध्ये ती झाली. १९१९च्या चळवळीतल्या तरुणांनी कन्फ्यूशियसच्या नावाने जाहीर शिमगा केला, १९६६मध्ये माओच्या तरुण समर्थकांनी, रेड गार्डांनी, त्याच्या जन्मगावी, छूफूला, मंदिराची आणि थडग्यांची नासधूस केली, १९७०च्या दशकात त्याच्याविरुद्ध देशभर मोहीमच निघाली. व्हिएतनाममध्ये यातलं काहीच घडलं नाही. तिथे कम्युनिस्ट आले तेव्हा कन्फ्यूशियसची गादी रिकामी झालेली होती. ती फ्रेंचांनी रिकामी केली, आणि काही अंशी त्याच्याच शिष्यांनी. कम्युनिस्टांनी त्या गादीवर बसून जुन्या शिष्यांची भाषा उचलली. खरा घाव त्यांनी घातला तो गावावर, आणि तो का घातला हे समजल्याशिवाय आजचा व्हिएतनाम कळत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. इसवीसनपूर्व १११पासून इ.स. ९३८पर्यंत, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ, उत्तर व्हिएतनामवर चीनचा अंमल होता. त्यामुळे कन्फ्यूशियसचा विचार तेव्हाच तिथे मुरला असावा असं वाटतं. ते अर्धंच खरं आहे. तो पक्का झाला स्वातंत्र्यानंतर, देशी राजांना राज्य चालवायला माणसं हवी होती म्हणून. हनोईतलं कन्फ्यूशियसचं मंदिर, वान मियेउ, १०७०चं, पहिली राजपरीक्षा १०७५ची. पंधराव्या शतकात ले थान्ह तोंग या राजाने (१४६० ते १४९७) परीक्षा हाच राज्यकारभाराचा कणा केला आणि उत्तीर्ण झालेल्यांची नावं दगडात कोरून घ्यायला सुरुवात केली. १४४२ ते १७७९ या काळातल्या परीक्षांचे असे ८२ शिलालेख वान मियेउच्या आवारात दगडी कासवांच्या पाठीवर उभे आहेत. त्या कासवांच्या डोक्यावरून हात फिरवला की पास होतो, असा समज आहे. शेवटी कासवांभोवती कुंपण घालावं लागलं.

पण त्या दगडांवर ज्यांची नावं नाहीत, ती माणसं मला जास्त महत्त्वाची वाटतात. वरच्या परीक्षेत उत्तीर्ण होणारे मूठभर, नापास होणारे हजारो. नापास झालेला माणूस गावी परतायचा आणि मुलांना अक्षरं शिकवायचा, नाडी बघायचा, घराची-थडग्याची जागा निवडून द्यायचा, लग्नाचे नि मयताचे विधी सांगायचा. कन्फ्यूशियसचा विचार शेतकऱ्याच्या घरात पोचवला तो या नापासांनी. दरबारात राजनिष्ठेचा सिद्धांत होता. गावात त्याचं रूप साधं होतं: आईबापांची सेवा, मेलेल्यांची आठवण, वडीलधाऱ्यांचा मान, शिकलेल्याला पुढची जागा. लोक या पंडितांची टिंगलही करत. ‘पहिला पंडित, दुसरा शेतकरी, तांदूळ संपला की पळापळ, मग पहिला शेतकरी, दुसरा पंडित’ अशा अर्थाची म्हण आजही ऐकायला मिळते.

गावाने हा विचार जसाच्या तसा घेतलाही नाही. राजाचा कायदा गावच्या रीतीपुढे हरतो, असं तिथे म्हणतात. आपल्याकडचं ‘गाव करी ते राव न करी’ अगदी तेच सांगतं. ले घराण्याच्या कायद्याने मुलींचा वारसाहक्क मान्य केला होता. चिनी कायद्यात तो तसा नव्हता. एकोणिसाव्या शतकात न्गुयेन घराण्याने चीनच्या छिंग राजवटीचा कायदा जवळपास उचलला, तेव्हा मुलींचा हा हक्क कागदावरून गेला. म्हणजे व्हिएतनाम सर्वांत कडक ‘कन्फ्यूशियन’ झाला तो अलीकडे, फ्रेंच दारात येण्याच्या जरा आधी. मेकाँगच्या खोऱ्यात तर हा थर पहिल्यापासून पातळ होता. तिथली वस्ती उशिराची, आणि १८६०च्या दशकात फ्रेंचांनी तो भाग घेतला तेव्हा परीक्षा तिथे लगेच थांबल्या. उत्तर आणि दक्षिण यांच्या स्वभावातला जो फरक व्हिएतनामी माणसं हसत हसत सांगतात, त्याचं एक मूळ इथे आहे.

१८८४पर्यंत सारा देश फ्रेंचांच्या हाताखाली गेला. पंडितवर्गाने आधी शस्त्र उचललं. १८७७च्या परीक्षेत पहिला आलेला फान दिन्ह फुंग दहा वर्षं डोंगरात लढला आणि तिथेच मेला. पुढच्या पिढीने प्रश्नच वेगळा विचारला: कन्फ्यूशियन परंपरेचे चारही मूळ ग्रंथ पाठ असलेली माणसं हरतात कशी? फान बोई चाऊने १९०५पासून तरुणांना चोरून जपानला धाडलं. फान चाऊ त्रिन्हने राजेशाहीवर आणि परीक्षापद्धतीवरच टीकेचा आसूड ओढला. दोघेही जुन्या परीक्षांतून वर आलेले, हे विसरू नका. कन्फ्यूशियसवरचा पहिला मोठा हल्ला त्याच्या घरातूनच झाला.

बाकीचं काम लिपीने केलं. फ्रेंच प्रशासनाने चिनी अक्षरं बाजूला सारून रोमन लिपीतली व्हिएतनामी पुढे केली. ही लिपी मूळ जेसुइट पाद्र्यांची, आणि इथे गोव्याचा एक धागा येतो. तिचा १६५१चा प्रसिद्ध कोश छापणारा अलेक्झांडर द ऱ्होड पूर्वेकडे जाताना आधी गोव्यात राहिला होता. त्याच गोव्यात काही वर्षांपूर्वी, १६१६मध्ये, फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीतल्या मराठीत छापलं गेलं होतं. आपल्याकडे तो प्रयोग मराठीपुरता तिथेच राहिला. तिकडे त्याने देशाची लिपी बदलली. उत्तरेत शेवटची परीक्षा १९१५मध्ये झाली, राजधानी ह्वेच्या दरबारात १९१९मध्ये. १९२०च्या दशकात वयात आलेल्या मुलाला आजोबांच्या कपाटातलं एकही पुस्तक वाचता येत नव्हतं. आजोबांचे संस्कार अंगात होते, ग्रंथ हातातून गेले होते. कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला तो या नातवांच्या पिढीतून.

पक्षाच्या पुढाऱ्यांची नावं घेतली की चित्र स्पष्ट होतं. हो ची मिन्हचे वडील १९०१च्या राजपरीक्षेत दुसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण झालेले अधिकारी. त्रुओंग चिन्हचे आजोबा राजपरीक्षेतले पदवीधर. फाम वान डोंगचे वडील दरबारी अधिकारी. जनरल ग्याप युद्धाआधी हनोईत इतिहास शिकवत होते. ह्वेमधलं क्वोक होक हे विद्यालय १८९६मध्ये सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी एक न्गो दिन्ह खा, म्हणजे पुढे दक्षिण व्हिएतनामचा कट्टर कम्युनिस्टविरोधी अध्यक्ष झालेल्या दिएमचे वडील. याच शाळेत हो, ग्याप आणि डोंग शिकून गेले. दिएम स्वतः कॅथलिक होता, पण वागण्या-बोलण्यात, प्रजेकडे बघण्यात पुरता जुना दरबारी. शीतयुद्धाच्या नकाशावर दोन टोकांना दिसणारी ही माणसं एकाच वर्गातून, काही तर एकाच शाळेच्या आवारातून आलेली आहेत.

मार्क्सवाद या मुलांना परका का वाटला नाही, यावर न्गुयेन खाक व्हिएन या व्हिएतनामी कम्युनिस्ट लेखकाने १९६०च्या दशकात एक मांडणी केली, ती आजही उद्धृत होते. तोही जुनी परीक्षा दिलेल्या अधिकाऱ्याचा मुलगा. त्याचं म्हणणं असं, की कन्फ्यूशियसला परलोकात रस नव्हता, समाज कसा चालवावा यात होता, मार्क्सचंही तेच. म्हणून पंडिताच्या मुलाला एकाकडून दुसऱ्याकडे जाताना देव बदलावा लागला नाही. हे मला पटतं, पण हिशोब फारच नीट जुळतो आणि तिथे मी जरा थबकतो. तसं असतं तर त्याच वर्गातले राष्ट्रवादी, उदारमतवादी, कॅथलिक कुठून आले? राष्ट्रवादी पक्षाचा १९३०चा येन बाय इथला उठाव फ्रेंचांनी चिरडला, तेव्हा त्यांचे नेते गिलोटिनखाली गेले. कम्युनिस्टांनाही मार बसला, पण त्यांची गुप्त संघटना तगली. १९४४-४५च्या दुष्काळात उत्तरेत किती माणसं मेली याचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. त्या काळात, महायुद्धामुळे देशात ठाण मांडून बसलेल्या जपान्यांची धान्यगोदामं फोडायला लोकांना घेऊन गेले ते व्हिएत मिन्हचे, म्हणजे कम्युनिस्टांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्य आघाडीचे कार्यकर्ते. सत्ता मिळाली ती यामुळे. कन्फ्यूशियसने त्या सत्तेला लोकांना कळेल अशी भाषा दिली, एवढंच मी म्हणेन. पण तेही थोडं नाही.

ती भाषा बघा. १९२७मध्ये हो ची मिन्हने कार्यकर्त्यांसाठी पाठ्यपुस्तक काढलं, त्याची सुरुवात वर्गसंघर्षाने होत नाही, क्रांतिकारकाचं चारित्र्य कसं असावं इथून होते. त्याच वर्षी एका लेखात त्याने कन्फ्यूशियसच्या राजनिष्ठेवर टीका केली आणि वर व्हिएतनामींना सुचवलं, की मन घडवायला कन्फ्यूशियस वाचा, क्रांतीसाठी लेनिन. सत्तेत आल्यावर त्याने कार्यकर्त्यांपुढे ठेवलेले गुण होते उद्योग, काटकसर, निर्लोभीपणा आणि सचोटी. हे चारही शब्द जुन्या अधिकाऱ्यांच्या आचारसंहितेतले. ‘राजाशी निष्ठा, आईबापांची सेवा’ हे जुनं सूत्र १९४६मध्ये लष्करी विद्यालयाला दिलेल्या झेंड्यावर ‘देशाशी निष्ठा, जनतेची सेवा’ झालं. १९४२-४३मध्ये चीनच्या तुरुंगात त्याने डायरी लिहिली ती अभिजात चिनीत, तांग काळाच्या वळणाच्या चार ओळींच्या कवितांमधून. लोक त्याला ‘बाक हो’ म्हणत, म्हणजे घरातले थोरले काका.

सत्तांतरही त्याच रीतीने झालं. ऑगस्ट १९४५मध्ये सम्राट बाओ दाईने ह्वेमध्ये राजमुद्रा आणि तलवार नव्या सरकारच्या प्रतिनिधींच्या हाती दिली. फ्रेंचांना, कम्युनिस्टांना ती एक औपचारिकता वाटली असेल. गावातल्या म्हाताऱ्यांसाठी ती मोठी गोष्ट होती: स्वर्गाने दिलेला अधिकार एका घराण्याकडून दुसऱ्याकडे गेला. पुढच्या वर्षी हो फ्रान्सला गेला, तेव्हा देशाचा कार्यवाहक अध्यक्ष कोण होता? हुइन्ह थुक खांग, १९०४च्या राजपरीक्षेतला सर्वोच्च पदवीधर, वय सत्तरच्या आसपास, कम्युनिस्ट कधीच नव्हता. राज्य कुणाच्या हातात आहे हे लोकांना दाखवण्यासाठी याहून योग्य माणूस सापडला नसता, आणि हो ते जाणून होता.

गावात मात्र सौम्यपणा नव्हता. उत्तरेकडच्या गावाच्या मधोमध ‘दिन्ह’ असतो, ग्रामदेवतेचं देऊळ आणि चावडी एकत्र. सणाला तिथे कोण कुठल्या चटईवर बसणार, बळीच्या मांसाचा कुठला भाग कुणाला, हे वय, परीक्षेची पदवी आणि पद यांवरून ठरायचं. ‘गावात मिळालेला एक घास, घरच्या कोपऱ्यातली सूपभर रास’ असं त्यांच्याकडे म्हणतात. वाट्याला आलेल्या तुकड्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर चालत. जमीनही याच चटयांवर बसणाऱ्यांच्या हातात होती. १९५३ ते १९५६ दरम्यान पक्षाने जमीन-सुधारणा राबवली, तिच्यावर चिनी सल्लागारांची छाप होती. जाहीर सभेत कुळांनी जमीनदारावर आरोप करायचे, तोंडावर बोट रोखून. मानाची संबोधनं उलटी केली गेली: जमीनदाराने शेतमजुराला ‘आजोबा’ म्हणायचं आणि स्वतःला ‘लेकरू’. पोरांकडून बापावर, सुनेकडून सासऱ्यावर आरोप वदवले गेले. मोहीम सुरू होताना ज्यांना गोळी घातली गेली त्यांत न्गुयेन थी नाम ही थाय न्गुयेनची व्यापारी बाई होती, जिने व्हिएत मिन्हला भरपूर पैसा पुरवला होता आणि जिचे मुलगे त्याच सैन्यात होते. हजारो माणसं मारली गेली, आणि त्यांतली कित्येक जमीनदार नव्हतीच. १९५६मध्ये पक्षाने जाहीर कबुली दिली, त्रुओंग चिन्हला सरचिटणीसपद सोडावं लागलं.

जमीन वाटपाला गरीब शेतकऱ्यांचा पाठिंबा होता, आणि तो का होता हे उघड आहे. पण त्या सभांमध्ये जमिनीइतकीच महत्त्वाची एक गोष्ट मोडायची होती: वडीलधारा माणूस वाटेल ते करो, त्याला तोंडावर बोलायचं नाही, हा नियम. मार्क्सवादी सिद्धांताला पंडितांचे ग्रंथ सोसत होते, पण गावातली ही उतरंड जिवंत असताना गावात पक्षाची सत्ता बसू शकत नव्हती. म्हणून शहरातल्या वान मियेउला हात लागला नाही आणि खेड्यातल्या दिन्हचं गोदाम, शाळा किंवा सहकारी संस्थेचं कार्यालय झालं.

मग पूर्वजपूजा टिकली कशी? मला वाटतं, युद्धाने टिकवली. व्हिएतनामी समजुतीप्रमाणे घरापासून लांब, अकाली, वंशज नसताना मेलेला माणूस भटकत राहतो. त्याला वेदीवर जागा मिळायला हवी. फ्रेंचांविरुद्ध आणि नंतर अमेरिकेविरुद्ध लाखो तरुण असे मेले, आणि कित्येकांची हाडंही मिळाली नाहीत. जडवादी सरकारला यावर काहीतरी करावंच लागलं. १९४७पासून २७ जुलै हा युद्धात जखमी झालेल्यांचा, आणि पुढे हुतात्म्यांचाही दिवस झाला. प्रत्येक हुतात्म्याच्या घरी ‘मातृभूमी तुमच्या कार्याची नोंद घेते’ अशा मजकुराचं प्रमाणपत्र जाऊ लागलं. लोकांनी ते कपाटात ठेवलं नाही, चौकट करून वेदीवर लावलं, उदबत्तीच्या मागे. पक्षाला साधेपणाची लग्नं नि मयतं हवी होती, ढोलताशे-जेवणावळी बंद हव्या होत्या, आणि त्याने तसे नियमही केले. पण स्वतःच्या शिक्क्याचा कागद ज्या वेदीवर आहे, ती वेदी मोडायला कुठलं सरकार जाईल? खुद्द होनेही आपल्या मृत्युपत्रात दहन करा असं लिहिलं होतं. पक्षाने लेनिनचा कित्ता गिरवून त्याचा देह जपून ठेवला, आणि लोकांनी त्याचा अर्धपुतळा आपापल्या देवळात बसवला.

१९८६च्या पक्षाधिवेशनात ‘दोई मोई’ म्हणजे नव्या आर्थिक धोरणाची घोषणा झाली. हातात पैसा आल्यावर खेड्यांनी पहिली कामं काढली त्यांत दिन्हची दुरुस्ती, कुळाच्या देवळाचं बांधकाम आणि वंशावळीचं पुस्तक नव्याने लिहून घेणं ही होती. वंशावळी चिनी अक्षरांत, वाचणारा कोणी नाही, म्हणून जुनी लिपी येणाऱ्या म्हाताऱ्यांना पुन्हा भाव आला. सरकारनेही वारं ओळखलं. हुंग राजांचा, म्हणजे राष्ट्राच्या पौराणिक पूर्वजांचा दिवस २००७पासून सार्वजनिक सुट्टीचा झाला.

परत आलेलं सगळंच कौतुकाचं नव्हतं. पक्षाने बायकांना खरोखर पुष्कळ दिलं: १९५९च्या कायद्याने बहुपत्नीत्व आणि लादलेली लग्नं बंद केली. पण वेदीवर उदबत्ती लावायला मुलगाच हवा ही समजूत कायम राहिली, आणि १९८८मध्ये सरकारने दोनच मुलांचं धोरण कडक केलं. पुढे सोनोग्राफी आली. २०१९च्या जनगणनेत १०० मुलींमागे १११.५ मुलगे जन्मत होते. हा आकडा जुन्या विचाराने एकट्याने घडवला नाही, नव्या राज्याने एकट्याने नाही. शिक्षणाबद्दल उलट बाजूने असंच बोललं जातं. २०१२च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत व्हिएतनामची मुलं गणितात, विज्ञानात ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेच्या सरासरीच्या वर गेली आणि जगभर ‘कन्फ्यूशियन संस्कृती’चा जयजयकार झाला. पंधरा वर्षांची कितीतरी मुलं तोवर शाळेबाहेर गेलेली होती आणि ती चाचणीत आलीच नाहीत, हे लिहिणारे थोडे. १९४५नंतर ज्या सरकारने बहुसंख्य निरक्षर देशात गावोगाव प्रौढांचे वर्ग चालवले, त्याचं श्रेय अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ऋषीला देणं मला गैर वाटतं.

आज या दोन विचारांची गाठ सर्वांत घट्ट दिसते ती पक्षाच्या कारभारात. अधिकारी चांगला असेल तर राज्य चांगलं, तो बिघडला तर त्याला सुधारा किंवा काढा; न्यायालय किंवा वर्तमानपत्र त्याच्यावर नजर ठेवेल, ही कल्पना ना जुन्या दरबारात होती, ना लेनिनच्या पक्षात. न्गुयेन फू त्रोंग २०११पासून २०२४मधल्या मृत्यूपर्यंत पक्षाचा सरचिटणीस होता, मार्क्सवादी सिद्धांताचा माणूस. त्याने भ्रष्टाचाराविरुद्ध ‘धगधगती भट्टी’ पेटवली आणि बरोबरीने वरिष्ठ सभासदांनी स्वतःच्या वागण्याने उदाहरण घालून द्यावं असा नियम २०१८मध्ये काढला. जानेवारी २०२३मध्ये राष्ट्राध्यक्ष न्गुयेन सुआन फुकने राजीनामा दिला. कारण सांगितलं गेलं ते हे, की तो पंतप्रधान असताना हाताखालच्या मंत्र्यांनी गैरप्रकार केले आणि प्रमुख म्हणून त्याने जबाबदारी स्वीकारली. मार्च २०२४मध्ये पुढचा राष्ट्राध्यक्षही गेला, सभासदांनी काय करू नये याचे नियम मोडले म्हणून. नेमकं काय केलं हे लोकांना सविस्तर कधी सांगितलं गेलं नाही. ह्वेच्या दरबारातल्या जुन्या अधिकाऱ्याला ही दोन्ही निवेदनं वाचून दाखवली असती, तर त्याला त्यातला प्रत्येक शब्द कळला असता.